किल्ली कोणाकडे ठेवता?

बंद घराचा पहिला शत्रू चोर, असं गावाबाहेर राहणाऱ्या बहुतेकांना वाटतं. म्हणून ते कुलूप भारी घेतात. रिसोड-मालेगावकडच्या गावांत धाबं खचलेल्या घराच्या दारालाही ते कुलूप शाबूत लटकलेलं दिसतं. चोरानं न्यावं असं आत फारसं नसतंच, आणि जे असतं ते पावसानं आधीच नेलेलं असतं.

वाशिम जिल्ह्यातली कुलपं दोन तऱ्हेची. एक वर्षभराची: मालक पुण्यात, संभाजीनगरात, सुरतेत, हैदराबादेत, कुणी अमेरिकेत. दुसरी हंगामाची: मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं दिवाळी आटोपली की ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. दुसऱ्या तऱ्हेच्या घराला निदान पावसाळ्यात माणूस असतो. हा लेख मुख्यतः पहिल्या तऱ्हेच्या घरमालकांसाठी आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून 2025 मध्ये मुंबईच्या दारापर्यंत पोचला. तेव्हा ‘गाव लांब पडतं’ ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. पण घर सांभाळायला सारखं जावं लागत नाही. योग्य वेळी जावं लागतं, आणि मधल्या काळासाठी योग्य माणूस नेमावा लागतो.

आधी पाण्याचं बघू.

धाब्याचं घर असेल तर मृग लागण्याआधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा थर पडायलाच हवा. राहत्या घरात हे काम दरवर्षी सवयीनं होतं, बंद घरात एक वर्ष चुकतं आणि मग चुकतच राहतं. तीन पावसाळे कोरडे गेले नाहीत की आतली सागवानी तुळई भिंतीत शिरते त्या टोकाशी कुजते. मधे खणखणीत, टोकाला भुसा. म्हणून तुळई तपासताना मधोमध ठोकून उपयोग नाही. भिंतीलगत, वीतभर अंतरात, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर खाली लगेच टेकू द्या आणि मगच मिस्त्रीला फोन करा.

कवेलूच्या घराला वानरांचा त्रास. एक टोळी उड्या मारत गेली की पाच-पन्नास कवेलू सरकतात, आणि कवेलू फेरणारी माणसं आता गावोगाव राहिलेली नाहीत. ज्यांच्या गावात असा माणूस आहे त्यांनी त्याची वेळ एप्रिलमध्येच धरून ठेवावी, जूनमध्ये तो कुणाच्याच हाती लागत नाही. टिनाचं छप्पर असेल तर पत्र्यांपेक्षा त्यांचे हूक आणि हुकांखालचे वायसर पाहा. वळवाच्या वादळात पत्रा उडतो तो एका कोपऱ्यातला हूक ढिला झाल्यामुळे. नुसते दगड ठेवून भागवणाऱ्यांनी तो दगड उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडला तर काय, याचाही विचार करावा.

स्लॅबवाल्यांना वाटतं आपण सुटलो. स्लॅबचं दुखणं एकच, पाणी जायचं तोंड. कडुनिंबाचा पाला, पक्ष्याचं घरटं, कुणाच्या पोराचा चेंडू, एवढ्यानं ते बुजतं आणि गच्चीचं तळं होतं. महिनाभर साचलेलं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. त्या तोंडावर दोनशे रुपयांची जाळी बसवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ती कोण साफ करणार हे ठरवा. यात पिंपळाचा वेगळा उल्लेख करायला हवा. कठड्याच्या भेगेत पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, पहिल्या वर्षी चार पानं येतात, कुणाला काही वाटत नाही. करंगळीएवढं रोप असताना ते मुळासकट उपटून भेग सिमेंटनं बुजवली तर काम पाच मिनिटांचं. मनगटाएवढं झालं की मूळ भिंत चिरत जातं, आणि तोवर अडचण वेगळीच होते: पिंपळाला कुऱ्हाड लावायला गावात कुणी तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट दूरच्या मालकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे गावातला सिमेंटचा रस्ता. जुन्या रस्त्यावर नवा थर, पुन्हा कधी तरी आणखी एक थर, असं करत रस्ता वर येतो आणि तुमचं जोतं होतं तिथंच राहतं. मग गल्लीचं पाणी उंबरा ओलांडून ओसरीत येतं. रस्त्याचं काम मंजूर झाल्याचं कळलं की ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या: थर टाकण्याआधी जुना खोदा, नाली आधी करा. काम झाल्यावरच्या तक्रारीला फारसा अर्थ नसतो. गावातल्या व्हॉट्सॲप गटात राहायचं ते एवढ्यासाठी, शुभ सकाळसाठी नव्हे.

आपली जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. बंद घरात भिंतीला तिरपी चीर दिसली की घाबरून जाऊ नका. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा आणि फोटो काढा. पुढच्या भेटीत चीर रेघेपुढे गेली नसेल तर ती जुनी जखम आहे, भरून घ्या. पुढे गेली असेल, किंवा रुंदी वाढून त्यात नाणं बसू लागलं, तर इंजिनिअरला दाखवा. जोत्याभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा केला तर पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही, आणि पायाशेजारचा गळका नळ कायमचा बंद करणं तेवढंच महत्त्वाचं. कारंज्यात एका धनिकानं आपल्या हवेलीच्या चुन्यात कस्तुरी मिसळली होती अशी आख्यायिका सांगतात. आजच्या घराला कस्तुरीपेक्षा नाली लाखमोलाची.

घर बंद करताना आतलं आवरणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ट्रॅव्हल्सची वेळ गाठायच्या गडबडीत ते शेवटच्या अर्ध्या तासावर येतं. मेन स्विच खाली करा. बोअरची मोटर असेल तर तिचा स्टार्टर वेगळा बंद करा, मात्र कुणीतरी महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटं ती चालवायला हवी, नाहीतर ती जाम होते. फ्रीज रिकामा करून पुसा आणि दार उघडं राहील अशी फळी अडकवा. गच्चीवरची टाकी रिकामी करून झाकण तारेनं बांधा, कारण उघड्या टाकीत पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूचे डास तुमच्या घरात वाढतात आणि चावतात शेजाऱ्यांना. संडासच्या भांड्यातलं पाणी उन्हाळ्यात आटतं, मग टाकीचा वास आणि झुरळं घरभर होतात. निघताना त्या पाण्यावर वाटीभर खाण्याचं तेल सोडलं की ते लवकर उडत नाही. घरात धान्य ठेवू नका, पोतंभर तूरसुद्धा नको. धान्य तिथं उंदीर, आणि उंदीर तिथं साप. गाद्या-गोधड्या लोखंडी पेटीत ठेवा आणि पेट्या विटांवर. भिंतीवरचे आजोबा-पणजोबांचे फोटो उतरवून घ्या, वाळवी चौकटीमागून चढते आणि काच तशीच ठेवून माणूस खाऊन टाकते. त्या फोटोंची मोबाइलवर प्रत काढून ठेवणं एवढं एकच काम केलंत तरी घरचे दुवा देतील.

आता किल्लीचं. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण इथं सिमेंट-वाळूचा हिशेब नसून माणसांचा आहे.

किल्ली सहसा चुलतभावाकडे असते. तो घरचा, शेजारीच राहणारा, आणि ‘पैशाचं काय घेऊन बसलास’ म्हणणारा. पहिली दोन वर्षं सगळं छान चालतं. मग त्याचं सोयाबीनचं कुटार तुमच्या पडवीत येतं, नंतर फवारणीचा पंप, नंतर मोठ्या मुलाचं लग्न झाल्यावर ते जोडपं मधल्या खोलीत. यात कुणी लबाडी केलेली नसते. रिकामी जागा गरजेकडे आपोआप सरकते. पण तुम्ही महालक्ष्म्यांना बायको-मुलांसह येता आणि तुम्हालाच पाहुण्यासारखं बसावं लागतं, तेव्हा बोलायची वेळ टळलेली असते.

त्यावर माझं सांगणं असं की घर राखण्याचे पैसे द्या, नात्यातल्याला तर नक्कीच द्या. फुकटच्या राखणीत काम सांगता येत नाही आणि झालं नाही म्हणून बोलताही येत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दर महिन्याला, त्याच्या खात्यावर, ‘घर देखभाल’ असं लिहून पाठवा. त्या नोंदी पुढे पुरावा होतात. आणि दरवर्षी एका साध्या कागदावर लिहून घ्या: हे घर अमक्याच्या मालकीचं, किल्ली देखभालीसाठी दिली आहे, अमुक खोली अमुक सामानासाठी वापरायला मालकाची परवानगी आहे, मालकानं मागताच रिकामी करून देईन. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. चुलतभावाकडून असं लिहून घ्यायला जीभ जड होते हे खरं. आईवडिलांपैकी कुणी असेल तर त्यांनाच पुढे करा. किंवा ‘विमा कंपनीला लागतं’ म्हणा, ते अगदीच खोटंही नाही.

कागद का हवा, याचं उत्तर 1963 च्या मुदत कायद्यात आहे. मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग बारा वर्षं ताबा ठेवला असं समोरच्यानं सिद्ध केलं तर मालकाचा ताबा मागण्याचा हक्क जातो. परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षं झाली तरी असा विरोधी ठरत नाही, मात्र परवानगी होती हे दाखवता यायला हवं. गोव्यातल्या एका घराचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. बहिणीचा नवरा नौदलात, त्यामुळे ती बाहेरगावी, आणि घर सांभाळायला भाऊ. पुढे भावानंच ताब्याचा दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये निकाल बहिणीच्या बाजूनं दिला आणि स्पष्ट सांगितलं की राखणदार, नोकर किंवा देखभालीसाठी ठेवलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. बहीण जिंकली खरी, पण तिथवर पोचायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. एका कागदानं ते वाचलं असतं का, सांगता येत नाही. सोपं मात्र झालं असतं.

याउलट, कुणी तुम्हाला न विचारता कुलूप तोडून शिरलं तर वाट पाहू नका. त्याच दिवशी ठाण्यात लेखी तक्रार द्या. बेकायदा काढून घेतलेला ताबा परत मिळवण्याचा झटपट दावा विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली लावता येतो, पण मुदत फक्त सहा महिन्यांची. ‘दिवाळीला गेलो की बघू’ म्हणता म्हणता ती निघून जाते.

भाडेकरू ठेवावा का? वाशिम 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला, तेव्हापासून बदलीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांना शहरात खोल्या लागतात. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर इथं घर असेल तर ते जरूर भाड्यानं द्या, चूल पेटती राहणं हीच घराची खरी राखण. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि आता आधारच्या साह्यानं ही नोंदणी पुण्यात बसूनही होते. नुसत्या स्टँपवर नोटरी करून भागवणं बंद करा. खेड्यात मात्र भाडेकरू क्वचित मिळतो, मिळालाच तर जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर. तशी संधी आली तर भाड्याची घासाघीस करू नका.

कॅमेऱ्याबद्दल हल्ली सगळेच विचारतात. बसवा, पण त्याच्यावर विसंबू नका. लाइट गेली, सिमचं रिचार्ज संपलं, कोळ्यानं भिंगावर जाळं विणलं, की तुम्ही पुण्यात बसून अंधारच बघता. पाणी झिरपताना तर कॅमेऱ्याला दिसतच नाही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं म्हणून ते ‘पुढच्या वेळी’वर जातं, आणि पुढच्या वेळी वडील नसतात. गावठाणातल्या घराचा कागद म्हणून लोक नमुना 8 दाखवतात. ती ग्रामपंचायतीची कर-आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरी तिच्यावर नाव कुणाचं आहे ते पाहाच, कारण पुष्कळ घरं अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत. वारसनोंदीचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्या (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात तुम्ही ग्रामसेवकच विचारणार). स्वामित्व योजनेची घोषणा 24 एप्रिल 2020 ला झाली, ड्रोननं गावठाणं मोजली गेली आणि भूमी अभिलेख खात्याकडून मिळकत पत्रिका तयार झाल्या. मोजणीच्या वेळी तुम्ही हजर नव्हता हे गृहीत धरून आपली पत्रिका काढून बघा: नाव, क्षेत्रफळ, आणि चारी बाजूच्या शेजाऱ्यांची नावं. मागची परसबाग शेजाऱ्याच्या पत्रिकेत गेली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात वेळीच हरकत नोंदवा. शहरातल्या घराची आखीव पत्रिका तशीच तपासा, आणि जागा नझूलची असेल तर पट्ट्याची मुदत कधी संपते ते आधी बघा.

घरपट्टी स्वतः भरा. राखणदाराकडून भरून घेतली की पावत्या त्याच्या हाती राहतात, आणि पुढे कधी बिनसलं तर त्याच पावत्या फाइलला लावल्या जातात. ग्रामपंचायतीत वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरलं तर 5 टक्के सूट मिळते. नगर परिषदेत थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, एखाद्या वर्षाची बाकी पाच वर्षं विसरलात तर तिच्या मुद्दलाहून शास्ती जड होते. विजेचं तसंच: एक युनिट जळलं नाही तरी महावितरणचा स्थिर आकार येतोच, आणि तो थकला की आधी जोडणी तात्पुरती तुटते, मग कायमची. नवी जोडणी घ्यायला मालकीचा कागद लागतो, तो आजोबांच्या नावावर, म्हणजे पुन्हा वारसनोंद. बारा आकडी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपवर टाकून स्वतःचा मोबाइल नोंदवला की एवढा फेरा वाचतो.

मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर विशेष द्या, सर्वसाधारण नको. ‘माझ्या वतीनं घरपट्टी भरणे, दुरुस्ती करून घेणे, वीज कार्यालयात अर्ज देणे’ एवढंच लिहा, विक्रीचा अधिकार बिलकूल नाही. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून ते पाठवा, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं, हे वडिलांच्या सहीवर काम चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

घराचा विमा असेल तर तीस दिवसांहून अधिक काळ घर रिकामं राहिल्यास काय, ही अट वाचा. पुष्कळ पॉलिसींत ती असते. कंपनीला घर बंद असल्याचं लेखी कळवून तिची लेखी संमती घ्या, नाहीतर हप्ता भरूनही वेळेवर हात रिकामे. आयकराची मात्र फार धास्ती नको: स्वतःसाठी ठेवलेल्या दोन घरांपर्यंत उत्पन्न शून्य धरलं जातं, तेव्हा पुण्याचा फ्लॅट आणि गावचं घर दोन्ही त्यात बसतात.

जायचं कधी? मेच्या शेवटी एकदा, छपरासाठी. दिवाळीनंतर एकदा, पावसानं काय केलं ते बघून डागडुजी करण्यासाठी, तेव्हा मिस्त्री मोकळे असतात आणि भिंती वाळलेल्या असतात. आखाजीला किंवा महालक्ष्म्यांना जाणारे जातीलच, पण त्या दिवसांत घराचं काम होत नाही, पाहुणेच होतात. आणि एक भेट कधीतरी भर पावसातली ठेवा. सगळी दारं-खिडक्या उघडून, रात्री तिथंच झोपून, एक जोराचा पाऊस आतून बघा. कुठलं पन्हाळ भिंतीवर ओतलं जातं, कुठल्या कोपऱ्यात टपटप होते, नालीचं पाणी किती वेळात उतरतं, हे मिस्त्रीला नुसतं फोनवर सांगून त्याच्या कधी डोक्यात शिरत नाही. व्हिडिओ काढून दाखवा.

काही घरं वाचवू नयेत, हेही सांगायला हवं. तीन भावांचं घर, तिघंही बाहेर, कुणालाच परतायचं नाही, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र ‘बघू’वर. अशा वेळी एकानं घ्यावं, बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. नुसत्या तोंडी ‘तूच घे’ला पुढच्या पिढीत किंमत राहत नाही. तेही जमत नसेल तर खचलेलं धाबं गल्लीतल्या पोरांवर कोसळायच्या आत आपणच उतरवावं. जुन्या सागवानी तुळया आणि चौकटींना चांगला भाव येतो, उतरवण्याची मजुरी त्यातून निघते. विकण्याआधी दोन ठिकाणी विचारा, पहिला भाव नेहमी पडलेला असतो. उतरवल्यानंतर जागा तशीच टाकून देऊ नका, गावात मोकळ्या जागेवर उकिरडा बसायला एक पावसाळा पुरतो. चारी कोपऱ्यांना दगड रोवा, तारेचं कुंपण करा, शेजाऱ्यांसमक्ष फोटो काढा, आणि ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना 8 वरची नोंद ‘घर’ची ‘खुली जागा’ अशी बदलून घ्या. कर कमी होतो आणि नाव राहतं.